अभियांत्रिकीकडून भौतिकशास्त्राकडे

बारावीच्या निकालानंतर घरोघरी जो निर्णय होतो, तो पुष्कळदा विद्यार्थ्याचा नसतोच. ज्याला भौतिकशास्त्र आणि गणित या विषयांत उत्तम गुण मिळाले, त्याने अभियांत्रिकीला जावे, असे आपल्या समाजाने जणू ठरवून टाकले आहे. यातून एक विलक्षण विसंगती निर्माण होते. भौतिकशास्त्र चांगले येते म्हणून अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो आणि अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की भौतिकशास्त्र सुटते. पहिल्या वर्षी 'अभियांत्रिकी भौतिकशास्त्र' नावाचा एखादा विषय असतो. त्यात लेसर, अर्धवाहक, प्रकाशतंतू यांची तोंडओळख होते. दुसऱ्या वर्षापासून बहुतेक शाखांमध्ये तेवढेही उरत नाही. पुष्कळांना याची खंत वाटत नाही आणि वाटण्याचे कारणही नाही. कारण अभियांत्रिकी ही स्वतंत्र, कसदार विद्या आहे. परंतु दरवर्षी थोडे का होईना, असे विद्यार्थी निघतात, की ज्यांना पूल, यंत्रे आणि विद्युत्मंडले शिकत असतानाही मूळच्या प्रश्नांची ओढ सोडत नाही. पदवी हाती पडताना किंवा नोकरीत दोन-तीन वर्षे काढल्यानंतर ते ठरवतात, की भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, जमल्यास संशोधन करायचे.

अशा विद्यार्थ्याला दोन दिशांनी नकार ऐकावा लागतो. घरची माणसे विचारतात, "मग इंजिनिअर कशाला झालास? चार वर्षांचा खर्च कोणी भरायचा?" आणि विद्यापीठाच्या खिडकीपलीकडून उत्तर येते, "तुमचा पदवीचा विषय भौतिकशास्त्र नाही." एकाला वाटते, की तो फार काही सोडून चालला आहे, दुसऱ्याला वाटते, की तो फारसे काही घेऊन आलेला नाही. वस्तुतः या दोन्ही आक्षेपांत थोडे तथ्य आहे आणि दोन्हींत मोठी चूकही आहे.

हा प्रश्न आजचा नाही. होमी भाभा १९२७ साली केंब्रिजला गेले, ते यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी. शिक्षण पुरे करून त्यांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. टाटा कुटुंबाशी असलेल्या नात्यामुळे ती वाट त्यांच्यासाठी तयारच होती. परंतु एका वर्षातच त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळवले, की आपला पिंड अभियंत्याचा नाही, आपल्याला भौतिकशास्त्रच करायचे आहे. वडिलांनी त्यावर नकार दिला नाही आणि लगेच होकारही दिला नाही. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण हो, मग गणिताच्या शिक्षणाचा खर्च करीन, अशी अट त्यांनी घातली. भाभांनी १९३० साली ती अट पुरी केली, पुढची दोन वर्षे गणित शिकून १९३२ साली तीही परीक्षा प्रथम श्रेणीत दिली आणि त्यानंतरच ते संशोधनाकडे पूर्णपणे वळले. त्यांनी १९४५ साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आज मुंबईत उभी आहे.

त्या काळी केंब्रिजमध्ये शिकवणाऱ्या प्राध्यापकांपैकी पॉल डिरॅक हेही मुळात अभियंतेच होते. ब्रिस्टल विद्यापीठातून १९२१ साली त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, तीही प्रथम श्रेणीत. परंतु युद्धानंतरच्या मंदीत त्यांना नोकरी मिळाली नाही. केंब्रिजची शिष्यवृत्ती मिळाली, पण तेवढ्यात राहण्याचा खर्च भागणारा नव्हता. तेव्हा ब्रिस्टलच्या गणित विभागाने त्यांना शुल्क न घेता शिकू दिले. तेथे दोन वर्षे गणित शिकून १९२३ साली ते केंब्रिजला गेले. पुढे पाचच वर्षांनी, १९२८ मध्ये, इलेक्ट्रॉनचे वर्णन करणारे त्यांचे प्रसिद्ध समीकरण आले आणि १९३३ साली नोबेल पारितोषिक. अभियांत्रिकीच्या शिक्षणाने आपल्याला अदमासे बरोबर असलेल्या समीकरणांकडेही आदराने पाहायला शिकवले, असे डिरॅक यांनी पुढे सांगितले आहे.

थोरामोठ्यांची अशी उदाहरणे देणे सोपे असते आणि थोडे धोक्याचेही. सगळेच भाभा नसतात आणि सगळ्यांच्या वडिलांना दुसऱ्यांदा शिक्षणाचा खर्च पेलत नाही. तरीही या दोन चरित्रांतील एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. दोघांनीही अभियांत्रिकीकडून भौतिकशास्त्राकडे थेट उडी मारलेली नाही. मध्ये दोन वर्षे त्यांनी गणिताच्या अभ्यासाला दिली. बुद्धिमत्तेत ज्यांची बरोबरी करणे कठीण, त्यांनाही जर ही दोन वर्षे टाळता आली नाहीत, तर इतरांनी ती टाळता येतील असे समजू नये.

नोकरी करणाऱ्या माणसाला मात्र भाभा आणि डिरॅक यांच्यापेक्षा इव्हार गिएव्हर यांची गोष्ट अधिक जवळची वाटेल. नॉर्वेत १९५२ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेले गिएव्हर पुढे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत नोकरीला होते. नोकरी सांभाळून ते जवळच्या रेन्सेलर संस्थेत भौतिकशास्त्राच्या वर्गांना जाऊ लागले. काही धातूंचे तापमान पुरेसे खाली नेले, की त्यांचा विद्युतरोध नाहीसा होतो. यालाच अतिवाहकता म्हणतात. अतिवाहक धातूतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत एक विशिष्ट अंतर पडते, हे त्यांनी वर्गात ऐकले. कंपनीत ते ज्या पातळ थरांवर प्रयोग करत होते, त्यांच्या साह्याने हे अंतर थेट मोजता येईल, हे त्यांच्या ध्यानात आले. १९६० साली त्यांनी ते मोजले. त्यांना डॉक्टरेट मिळाली ती १९६४ साली आणि नोबेल पारितोषिक १९७३ साली. ज्या सिद्धान्ताने हे ऊर्जेचे अंतर सांगितले होते, त्याच्या तीन कर्त्यांपैकी एक जॉन बार्डीन. तेही विस्कॉन्सिन विद्यापीठाचे विद्युत अभियंते. तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील नोकरी सोडून ते प्रिन्स्टनला गेले होते. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोनदा मिळालेला आजवरचा हा एकच माणूस.

तेव्हा अभियांत्रिकीची पदवी हा काही कलंक नव्हे. परंतु विद्यापीठाच्या खिडकीपलीकडचा माणूस जे म्हणतो, त्यातही तथ्य आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय अर्ज भरण्यात अर्थ नाही.

यंत्र अभियंत्याला उष्मागतिकी शिकवतात. बाष्पयंत्राचा हिशेब करताना तो स्टीम टेबल नावाचे तक्त्यांचे पुस्तक उघडतो, अमुक तापमानाला व दाबाला वाफेची एन्ट्रॉपी किती हे त्यात पाहतो आणि उत्तर काढतो. उत्तर बरोबर येते, यंत्र चालते. मात्र एन्ट्रॉपी ही राशी मुळात आहे तरी काय, कोट्यवधी रेणूंच्या स्वैर हालचालींतून तापमान नावाची एक शिस्तबद्ध गोष्ट कशी निपजते, हे त्याला कोणी विचारत नाही. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला नेमके तेच विचारले जाते. त्या विषयाचे नाव सांख्यिकीय यामिकी. यामिकीचेही असेच आहे. तुळईवरचा भार, चाकाची गती, कंपने हे सारे अभियंत्याला न्यूटनच्या नियमांनी उत्तम सोडवता येते. लाग्रांज आणि हॅमिल्टन यांनी त्याच यामिकीची जी वेगळी मांडणी केली, ती मात्र त्याने बहुधा पाहिलेली नसते. आणि तीच तर पुढच्या सगळ्या भौतिकशास्त्राची भाषा आहे. पुंजयामिकी तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांत शिकवलीच जात नाही. विद्युतचुंबकत्वाच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी काहीसा सुदैवी असतो. मॅक्सवेलची समीकरणे त्याला अँटेना शिकताना भेटलेली असतात. स्थापत्य अभियंत्याला तीही भेटलेली नसतात.

ही उणीव खरी आहे. पण ती मोजता येण्याजोगी आहे. चार-पाच विषय आणि त्यांना लागणारे गणित, एवढाच तिचा विस्तार. नेटाने अभ्यास केला तर दीड-दोन वर्षांत ती भरून निघू शकते. ज्याला महाविद्यालयात पुन्हा बसता येत नाही, त्याच्यासाठी आज साधनेही आहेत. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून चालवलेल्या एनपीटीईएल या उपक्रमात अशा विषयांवरील व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील मद्रासच्या डॉ. व्ही. बालकृष्णन यांची अभिजात आणि पुंज भौतिकीवरील व्याख्याने कोणत्याही उत्तम वर्गाच्या तोडीची आहेत. फक्त एक सावधगिरी हवी. व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि कृष्णविवरांवरचे सुबोध पुस्तक वाचून मन भारावून जाते. हा आनंद खरा असला, तरी तो अभ्यास नव्हे. पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणाअखेरची उदाहरणे कागदावर सोडवून पाहिल्याशिवाय आपल्याला विषय येतो की केवळ आवडतो, हे कळत नाही. अनेकांची फसगत येथेच होते. विषय आवडणे आणि तो विषय पेलणे यांतला फरक वहीच्या पानावर दिसतो, अन्यत्र कोठेही नाही.

आता दाराविषयी. आपल्या देशात या विद्यार्थ्याला दोन प्रकारची दारे भेटतात. काही दारांवर त्याला काय येते, ते विचारतात. काहींवर तो कोठून आला, एवढेच. गेट परीक्षेला अभियांत्रिकीचा पदवीधर बसतो, तेव्हा तो भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका निवडू शकतो. त्याला कोणी अडवत नाही. भौतिकशास्त्रातील संशोधनासाठी अनेक संस्थांनी मिळून चालवलेली जेस्ट ही परीक्षा आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्वतःची परीक्षा आहे. पुण्याच्या आयुकामध्ये किंवा बंगळूरुच्या संयुक्त खगोलशास्त्र कार्यक्रमात अभियांत्रिकीचे पदवीधर पीएच.डी.साठी घेतले जातात. लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते आणि तीत उमेदवाराच्या हाती खडू देऊन त्याला फळ्यापाशी उभे करतात. तेथे पदवीच्या कागदावरचे नाव कामाला येत नाही. दोलकाचे समीकरण मांडता येते की नाही, हेच कामाला येते. प्रत्येक संस्थेची पात्रता वेगळी असते आणि ती वर्षागणिक बदलूही शकते. म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

याउलट अनेक विद्यापीठांच्या एम.एस्सी. प्रवेशाची पहिली अटच अशी असते, की बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र हा विषय असला पाहिजे. ज्याने गेटच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत चांगले गुण मिळवले आहेत, त्याचाही अर्ज या एका ओळीवर बाद होतो. ही अट अन्याय्य आहे. तिचे समर्थन करणारे म्हणतात, की पाया कच्चा असलेला विद्यार्थी घेतला तर तो मागे पडतो आणि एक जागा फुकट जाते. ही भीती अनाठायी नाही. परंतु पाया कच्चा आहे की पक्का, हे ठरवण्यासाठी परीक्षा असते. त्यासाठी मागच्या महाविद्यालयाची पाटी वाचण्याची गरज नाही. बी.एस्सी.ची पदवी असूनही पाया कच्चा असलेले विद्यार्थी प्रत्येक विभागाने पाहिलेले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा जाहीर केला, त्यात पदवीचा विषय कोणताही असला, तरी ज्या विषयात पुढे शिकायचे, त्या विषयाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला पात्र मानावे, असे म्हटले आहे. हे योग्यच झाले. मात्र आयोगाच्या कागदावरचे वाक्य विभागाच्या माहितीपुस्तिकेत उतरायला वेळ लागतो, आणि कधी कधी तेथे कोणाला ते उतरावे असे वाटतही नाही. ज्यांनी शाळेबाहेर राहून, वय वाढल्यावर, दुसऱ्या वाटेने परीक्षा दिल्या आहेत, त्यांना ही अडवणूक वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील, पद्धत या बाबतीत अधिक मोकळी आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर तेथे थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो आणि प्रवेश मिळाला तर बहुधा शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या साहाय्यकपदावर शुल्क व निर्वाह दोन्ही भागतात. भौतिकशास्त्राची जीआरई परीक्षा पूर्वी जवळजवळ सर्वत्र लागत असे; २०२० नंतर अनेक विभागांनी ती ऐच्छिक केली किंवा काढून टाकली. वरवर पाहता ही सवलत वाटते. परंतु अभियांत्रिकीकडून येणाऱ्याच्या दृष्टीने ती सवलत नव्हे. आपल्याला भौतिकशास्त्र येते, हे सिद्ध करण्याचे एक निःपक्षपाती साधन त्याच्या हातून गेले. आता सारा भार शिफारसपत्रांवर आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज या नावाने द्याव्या लागणाऱ्या निवेदनावर पडतो.

शिफारसपत्र कोणी द्यायचे, ही खरी अडचण आहे. यंत्र विभागाचे प्राध्यापक लिहितील, की मुलगा हुशार व मेहनती आहे. त्याला भौतिकशास्त्र पेलेल की नाही, हे ते कसे सांगणार? म्हणून पदवीच्या काळातच एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाजवळ दोन महिने काम करणे फार मोलाचे ठरते. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या वतीने उन्हाळी संशोधनासाठी ज्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत. निवेदनात तर नव्वद टक्के उमेदवार 'लहानपणापासून मला ताऱ्यांचे आकर्षण होते' अशीच सुरुवात करत असावेत, अशी शंका येते. आकर्षण कोणाला नसते? आपण कोणते विषय स्वतः शिकलो, कोणते पुस्तक शेवटपर्यंत सोडवले, कोठे अडलो आणि अभियांत्रिकीतील कोणत्या कामामुळे हा प्रश्न मनात आला, हे साध्या शब्दांत लिहिणारा उमेदवार उठून दिसतो.

राहिला घरच्यांचा आक्षेप, की चार वर्षे वाया गेली. या आक्षेपाला पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे, एक उत्तर उभे आहे. तेथील महाकाय मीटर तरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. एवढी तबकडी घन पत्र्याची केली असती, तर तिचे वजन आणि तिच्यावरचा वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी लागणारा खर्च परवडला नसता. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांची विरळ जाळी ताणून बसवण्याची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो आणि रेडिओ तरंग परावर्तित होतात. ही युक्ती भौतिकशास्त्राची की अभियांत्रिकीची? गुरुत्वीय तरंगांचा वेध प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी घेतला गेला, तेव्हा ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक मोजावा लागला. निर्वात नळ्या, कंपने रोखणारी टांगणी, लेसरचे नियंत्रण यांतले काहीही अभियांत्रिकीवाचून झाले नसते. या कामासाठी २०१७ साली नोबेल मिळालेल्यांपैकी रायनर वाइस हे विद्यार्थिदशेत विद्युत अभियांत्रिकीसाठीच दाखल झाले होते. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. तेथे दोन्ही विद्या जाणणारी माणसे लागणार आहेत.

येथे एक इशारा मात्र द्यायला हवा. अभियंता भौतिकशास्त्रात आला, की त्याला उपकरणांच्या खोलीत बसवण्याची प्रवृत्ती काही ठिकाणी दिसते. जणू तो विज्ञानासाठी आला नसून विज्ञानाच्या डागडुजीसाठी आला आहे. ज्याला उपकरणे घडवण्यात रस आहे, त्याने ती अवश्य घडवावीत. परंतु ज्याला सिद्धान्ताचे काम करायचे आहे आणि ज्याची तेवढी तयारी आहे, त्याला डिरॅक यांचे उदाहरण नुसते भाषणात ऐकवून उपयोगाचे नाही.

आणि पैशाचा प्रश्न उरतोच, तो कोणत्याही उदाहरणाने सुटत नाही. कनिष्ठ संशोधक विद्यार्थ्याला मिळणारे विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाले आहे. एकट्या माणसाला ते पुरते. परंतु ते संशोधन सुरू झाल्यावर मिळते. त्याआधीची तयारीची दोन वर्षे, अभियांत्रिकीच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते, घरी कमावत्या मुलाची पाहिली जाणारी वाट, यांची सोय कोणत्याही नियमात नाही. मुलगी असेल, तर तिच्या बाबतीत वयाचा हिशेब आणखी वेगळ्या तऱ्हेने मांडला जातो. सहा वर्षे शिकायची म्हटल्यावर तिला विचारले जाणारे पहिले प्रश्न भौतिकशास्त्राचे नसतात. म्हणून नोकरी एकदम सोडण्यापेक्षा गिएव्हर यांच्याप्रमाणे नोकरी ठेवून अभ्यास करणे, एक परीक्षा देऊन पाहणे, जमले नाही तर दुसऱ्या वर्षी पुन्हा देणे, हीच वाट अनेकांना परवडण्याजोगी आहे. विद्यापीठांनी संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे पूरक वर्ग काढले, भौतिकशास्त्राचे हे चार-पाच विषय शिकवून त्यांची परीक्षा घेतली आणि त्या परीक्षेला एम.एस्सी.च्या प्रवेशात मान्यता दिली, तर जागा फुकट जाण्याची विभागाची भीतीही राहणार नाही आणि कारखान्यातून पाळी संपवून येणाऱ्याला वर्गाचा उंबरठाही ओलांडता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. संध्याकाळी सहानंतर विद्यापीठांतले बहुतेक वर्ग रिकामेच असतात.